सगळ्या झाडांची एकच उंची

अनंताची कळी कधी बघितलीत? हिरवी, निमुळती, आणि ओला पदर पिळावा तशी पीळ दिलेली. आत पांढरं काही असेल असा संशयसुद्धा येऊ नये... तशा बावीस कळ्या मी एकदा धुळीत पडलेल्या पाहिल्या. आज पासष्टी उलटली, तरी ते आठवलं की माझं डोकं तापतं. शांतपणे सांगायचं ठरवलंय, बघू कितपत जमतं.

लक्ष्मीबाई नगरात आमचं तळमजल्याचं सरकारी क्वार्टर होतं. पुढे मेंदीचं कुंपण, त्यात एक मेंदी वाळून जागा मोकळी झालेली. आईने माहेराहून, रत्नागिरीहून, ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेली अनंताची फांदी नेमकी तिथेच लावली. दिल्लीचं पाणी जड, क्षारांचं. पानं पिवळी पडायची, नुसत्या शिरा तेवढ्या हिरव्या. मग आईने युक्ती काढली. मामा मीठ न लावलेली आमसुलं पाठवायचा, ती भिजवून त्यांचं पातळ आंबट पाणी ती आठवड्यातून एकदा मुळाशी घालायची. शेजारच्या पंजाबी काकू कुंपणावरून हसायच्या, “बहनजी, पौधे को भी दाल पिला रही हो?”

“दाल नहीं जी, आमसूल. इसको खट्टा लगता है.” आईचं हिंदी असंच होतं, पण झाडाला ते कळत असावं. हळूहळू पानं काळसर हिरवी झाली, तेल लावल्यासारखी चकाकायला लागली.

मे-जूनमध्ये लू सुटली की त्याच्या पश्चिमेला ओलं गोणपाट, जानेवारीच्या धुक्यात नानांची जुनी चादर. आमच्या तापात आई इतकी जागली नसेल! तीन वर्षं एक फूल नाही. आणि चौथ्या एप्रिलमध्ये एका सकाळी ती स्वयंपाकघरातून धावत आली, हाताला कणीक तशीच, “शकू, ये, ये लवकर, मोज!” आम्ही दोघींनी मोजल्या. बावीस.

त्याच आठवड्यात कॉलनीत कुणी मोठे साहेब पाहणीला यायचे ठरले. माझे वडील, नाना, रहिवाशांच्या कमिटीचे सेक्रेटरी. ड्राफ्टिंगमध्ये त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांनी सर्क्युलर काढलं – सर्व कुंपणं एकसमान, गुडघ्याएवढ्या उंचीची छाटली जातील. सर्व. अपवाद नाही. आणि अनंत तर माझ्या खांद्याला लागत होता.

“अहो, दोन महिने थांबा. फुलं होऊन गेली की मी माझ्या हाताने छाटते,” आई म्हणाली.

“सेक्रेटरीच्याच दाराला सूट? लोक काय म्हणतील?”

लोक! पंजाबी काकूंनी तर आपल्या मुलीच्या लग्नासाठी चार फुलं आधीच मागून ठेवली होती. लोकांना काय पडलं होतं? पण नाना म्हणजे... ऑफिसची पेन्सिलसुद्धा घरी न आणणारे. ह्या सचोटीचं सगळ्यांना केवढं कौतुक! तिची झळ कुणाला लागायची, ते कुणी विचारलं नाही.

माळी आला. कात्री लावायच्या आधी तोही थबकला. “बाबूजी, इसमें तो कलियाँ हैं. छोड़ दूँ?”

“सब बराबर,” नाना म्हणाले आणि सायकल काढून ऑफिसला गेले. बघायलासुद्धा थांबले नाहीत!

आईने धुळीतल्या कळ्या वेचून वाडग्यात पाणी घालून ठेवल्या. त्या उमलल्या नाहीत. आठ दिवसांनी तपकिरी झाल्या. साहेबांची मोटार मागच्या फाटकाने आली, मागच्याच फाटकाने गेली. आमच्या गल्लीत कुणी फिरकलंही नाही.

त्याच हिवाळ्यात नानांना बढती मिळाली, मोठं क्वार्टर मिळालं – दुसऱ्या मजल्यावर. “कुंडीत लाव की एखादा,” ते उदारपणे म्हणाले.

“नको. कुंड्यांचंही सर्क्युलर निघेल,” आई म्हणाली. त्यानंतर तिने अनंत लावला नाही. दिल्लीत स्वतः वाढवलेल्या अनंताचं एक फूल न बघता ती गेली.

आता मी नोएडाला राहते, नाना माझ्याकडे असतात. ब्याण्णव पूर्ण. बाल्कनीत मी अनंत लावलाय, वाटेल तसा वाढू देते, वेडावाकडा. ह्या मे महिन्यात पहिलं फूल आलं. सकाळी बघते तर नानांनी ते खुडून हातात धरलेलं, डोळे मिटून वास घेत बसलेले.

“कसलं गं हे फूल?”

“अनंत.”

“छान आहे. तुझ्या आईला आवडलं असतं.”

असतं! पन्नास वर्षं साठलेलं सगळं ओठांवर आलं... पण ते माझ्याकडे इतक्या निरागसपणे बघत होते, की त्यांना खरंच काही आठवत नाही हे मला कळलं. ह्याचाच जास्त संताप आला. मी त्यांच्या हातातून ते फूल काढून घेतलं आणि, ह्या पिकल्या केसांत काय शोभणार होतं, तरी तिथेच, त्यांच्यासमोर उभी राहून, माझ्या अंबाड्यात खोवलं.