खारं पाणी दिलेलं वावर

भांडी आणि गोधड्या गाडीत ठेवून आई वर चढली, मी तिच्या शेजारी बसले. बाबा चढले नाहीत. आमच्या वावराचा बांध संपेपर्यंत ते गाडीच्या पलीकडून मान खाली घालून चालत राहिले. मधे गाडी होती, म्हणून त्यांना जमीन दिसत नव्हती.

आमचं गाव भातकुलीजवळ, पूर्णेच्या खोऱ्यात. तिथल्या विहिरी खाऱ्या. पिण्यापुरतं गोडं पाणी नदीच्या पात्रात खड्डा करून आणायचं आणि शेती पावसाच्या भरवशावर करायची. आजोबांच्या वेळी तो नेमानं यायचा म्हणे. स्वातंत्र्याला दहाएक वर्षं होत आली तोवर त्याचा नेम सुटला होता. दोन सरी देऊन महिनाभर गायब व्हायचा, आणि कापूस वेचायच्या वेळी येऊन सगळा भिजवून जायचा.

त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, कमरेएवढी झाली आणि पाऊस थांबला. बाबांनी गुरांच्या खाऱ्या विहिरीवर मोट बांधली. धाकटा काका आडवा आला.

"दादा, हे पानी वावराले देऊ नको. जमीन मरते."

"अन् पऱ्हाटी मरून राहिली, ते दिसत नाई तुले?"

काकानं आपल्या वाट्याची पऱ्हाटी वाळू दिली. आमची तगली. पहिल्या वेचणीला आईनं पुरण घातलं, काकाकडेही ताट पाठवलं. काकानं ते खाल्लं, पण बाबांशी बोलला नाही.

पुढच्या पावसाळ्यात आमच्या वावरात पाणी मुरेना. साचून राहिलं, आणि वाळल्यावर जमीन अशी टणक झाली की कोंब वर येईनात. बाबांनी पुन्हा पेरलं. त्याच्या पुढच्या वर्षीही पेरलं. बांधापलीकडे काकाचं शेत हिरवं होतं. मग आम्ही अकोल्याला आलो.

बाबा जिनिंगमध्ये, सरकी काढायच्या कारखान्यात, लोकांचा कापूस वाहू लागले. मी शाळेत 'मले'चं 'मला' केलं आणि पुढे शाळेतच शिक्षिका झाले. नळाचं गोडं पाणी आईला कितीतरी दिवस खरं वाटत नव्हतं.

बऱ्याच वर्षांनी काका दारात उभा राहिला. मधल्या काळात तो आमच्या वावरात शेणखत टाकत होता, चर काढून पावसाच्या पाण्यानं खार धुऊन काढत होता. आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

"जमीन सुधरून राहिली, दादा. यंदा ज्वारी आली. चाल घरी."

"पेरली कोनं?"

"मीच."

"मंग ते वावर तुयंच झालं," बाबा म्हणाले.

काका ओट्यावर बसून लहान मुलासारखा रडला. बाबांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, पण गावी गेले नाहीत.

मी मात्र दर वर्षी जाते. काकू ओटी भरते, सोबत ज्वारी बांधून देते. बाबा त्या ज्वारीची भाकर खातात, कुठली ते विचारत नाहीत. गाव कोणतं असं कुणी विचारलं की मी अजून तिकडचंच नाव सांगते. बाबा 'अकोला' म्हणतात.