जिभेखाली गोळी असताना

नागनाथबद्दल लिहावं असं बरेच दिवस मनात होतं. मला नीट जमेल असं वाटत नाही. त्याला विचारलं तर म्हणाला, "लिवा की काका. मी बोलतोयच, तुमी नुसतं लिवा."

बोलणं हा त्याचा धंदाच आहे. मार्केट यार्डात तो कांद्याचे लिलाव पुकारतो. आधी तिथंच हमाली करायचा. पाठ धरली तेव्हा कुणीतरी दुखण्याचं इंजेक्शन दिलं, मग ते रोजचं झालं, मग चौघांत एकच सुई. त्यातून सुटायला आता सरकारी केंद्रात रोज एक गोळी घेतो. ती नर्ससमोर जिभेखाली ठेवायची आणि विरघळेपर्यंत तोंड उघडायचं नाही. तेवढा वेळ नागनाथ हातवारे करून भांडतो. बहुतेक दिवशी मीच, त्याचा शेजारी, त्याला स्कूटरवरून सोडतो, म्हणून हे बघायला मिळतं.

त्या सुईनं जाता जाता त्याला हिपॅटायटिस सी, म्हणजे लिव्हरची कावीळ, दिला होता. त्यावर तीन महिन्यांचा गोळ्यांचा कोर्स, तोही फुकट, मात्र मध्येच सोडायचा नाही. हे ऐकून त्याची बायको विजयमाला हसली. म्हणाली, शाळा अर्धी सोडली, तबला अर्धा सोडला, आता हे बघू. नागनाथला ते लागलं. एवढं एक पुरं करून दाखवतो, असं तो रोज गाडीवर मागून माझ्या कानात ओरडायचा.

दुसऱ्या महिन्यात रक्त तपासलं, तर लिव्हरचे आकडे उतरायच्या ऐवजी चढलेले. डॉक्टर मनाली मॅडमनी दारूचं विचारलं. ती तो घेत नाही. दुसरं काही औषध? नाही. विजयमालाचा संशय जिभेखालच्या गोळीवर. एका लिव्हरनं दोन दोन औषधं कशी झेलायची, आधी ती बंद करा, म्हणाली. मॅडम म्हणाल्या, ती बंद केली तर हा पुन्हा सुईकडं जाईल, ती राहणार. पण कारण सापडलं नाही आणि आकडे असेच चढत राहिले, तर नवा कोर्स थांबवावा लागेल.

तेव्हापासून नागनाथ गाडीवर गप्प. यार्डातही त्याचा आवाज उतरला. एका व्यापाऱ्यानं विचारलं म्हणे, "कांदा इकतोस का पुरतोस रं?"

आमच्या गल्लीत केसरबाई आहेत. कावीळ झालेल्याला रविवारी उपाशीपोटी कसलंसं मूळ उगाळून ताकातून देतात. पैसे घेत नाहीत. अट एकच, कुणाला सांगायचं नाही. सांगितलं की गुण जातो. त्यामुळे त्या औषध देतात हे सगळ्या गल्लीला माहीत, घेतंय कोण ते मात्र कुणालाच नाही.

एका सकाळी त्यांनी मला दारात गाठलं आणि नागनाथचं तोंड असं का उतरलंय, विचारलं. मी सगळं सांगितलं. त्यांनी पायात चपला सरकवल्या. मग म्हणाल्या, "मला ने तितं."

नागनाथ यार्डातून परस्पर केंद्रात आला होता. आम्ही पोचलो तेव्हा गोळी नुकतीच जिभेखाली गेलेली. मॅडम शेजारच्याच खोलीत, दार उघडं. केसरबाई थेट आत गेल्या.

"ह्याला काविळीचं मी देते, बाई. दोन म्हैनं झालं."

नागनाथ ताडकन उठला. दोन्ही हात हलवले, कान पकडले, केसरबाईंना हात जोडले. तोंड मात्र घट्ट मिटलेलं. नर्सनं त्याला खांद्याला धरून बसवलं.

"आकडं चढलं तवापास्नं बुधवारी बी येतोय," केसरबाईंनी पुरं केलं.

मॅडम नागनाथकडं वळल्या. मी औषधाचं विचारलं होतं ना, असं त्या म्हणाल्या, पण उत्तरासाठी त्यांना थांबावं लागलं. गोळी विरघळायची होती.

"ते औषध न्हाय मॅडम," तो शेवटी म्हणाला. "ते केसरआक्काचं हाय." मग तिकडं वळून, "आक्का, गुण गेला की आता."

"गुण माजा हाय. गेला तर माजा जाईल. तू तुजा कोर्स पुरा कर."

असल्या मुळानंही लिव्हर बिघडतं, असं मॅडमनी सांगितलं, आणि मूळ त्या दिवशीच बंद झालं. पुढच्या तपासणीत आकडे उतरू लागले, कोर्स तुटला नाही. केसरबाई अजून मूळ देतात. मॅडमचं सगळंच त्यांना पटलेलं नाही. पण आता आधी विचारतात, दवाखान्याचं काय चालू हाय का? असेल तर हात जोडून परत पाठवतात.

कोर्स संपल्यावर तीन महिन्यांनी शेवटची तपासणी झाली. रक्तात विषाणू नाही. नागनाथनं ते आधी यार्डात पुकारलं आणि मग घरी सांगितलं, म्हणून विजयमाला फुगून बसली. राग ओसरल्यावर तिनं विचारलं, आता ती जिभेखालची पण सोडणार का.

"ती राहू दे," तो म्हणाला. "मॅडम सांगतील तवा बगू. ती होती म्हणून हे पुरं झालं."