नाना आणि नॅनो

लेथखाली लोखंडाचा कीस साठतो, तसे आमच्या वर्कशॉपात किस्से साठतात. कीस निदान भंगारवाला उचलून नेतो. किश्श्यांना कोण विचारतो? म्हणून मीच सांगत सुटतो.

वर्कशॉप लासुर्ण्यात, रस्त्याला लागून. मी लेथवर आणि मालक नाना वेल्डिंगवर. साखर कारखाना सुरू झाला की उसाच्या मोडक्या ट्रॉल्यांची रांग लागते आणि शेड धुरानं भरून जाते. नाना हातात काच धरून डोळे सांभाळतात. नाक मात्र देवाच्या भरवशावर!

*

मध्यंतरी नानांच्या छातीत धडधड व्हायला लागली. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, हट्टानं बारामतीला नेलं. सोबत मी होतोच. डॉक्टरांनी ईसीजी काढला आणि समजावलं, "वेल्डिंगच्या धुरात डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक नॅनो कण असतात. ते फुप्फुसातून रक्तात उतरू शकतात आणि मग हृदयालाही त्रास होऊ शकतो. मास्क लावा, शेड मोकळी ठेवा."

काकूंचा चेहरा उतरला. नाना मात्र खुशीत! गावात येऊन ज्याला त्याला सांगायला लागले, "अरं, माज्याच नावाचं कण हायत ते. मला काय करत्यात?"

*

नानांचा इलाज एकच. काम झालं की गुळाचा खडा तोंडात. "गुळानं धूर खाली उतरतो," हे त्यांचं शास्त्र.

डॉक्टर म्हणाले, "नाना, गूळ जातो पोटात, धूर जातो फुप्फुसात. दोघांची गाठ पडणार कुठं?"

"तुमी डाक्टर हाय न्हवं? मग घाला की गाठ!"

*

एकदा डॉक्टरांनी ठोके टिपणारं मशीन दिवसभरासाठी नानांच्या छातीला लावून दिलं. वेल्डिंगजवळ फिरकायचं नाही, असं बजावलं. नानांनी दुपारपर्यंत कसाबसा दम धरला. मग म्हणाले, "एकच टाका मारतो."

रिपोर्ट बघून डॉक्टर चक्रावले. "दुपारी ठोके एकदम उधळलेत. वेल्डिंग केलंत ना?"

"वेल्डिंगनं काय बी झालं न्हाय वो. मागं वळून बघितलं, तर ही दारात हुबी!"

*

काकूंनी शेवटी स्वतः बारामतीहून मास्क आणला. चांगला, दोन्ही गालांवर धूर गाळणारे डबे असलेला. नानांनी तो खिळ्याला अडकवला. "उद्यापास्नं लावतो" म्हणता म्हणता खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी सगळ्या हत्यारांची पूजा असते. नानांनी ग्राइंडरला, पान्यांना हळदकुंकू लावलं, तसं मास्कलाही लावलं. वर झेंडूचं फूल!

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, "नाना, आता तरी लावा."

"खुळा का काय? पूजेची वस्तू उष्टी करायची असती व्हय?"

*

हसत होतो आम्ही. मग एका दुपारी वाऱ्यामुळं शटर खाली ओढलेलं, आत गॅल्वनाइज्ड पाइपचं काम, त्यावरच्या जस्ताचा पांढरा धूर कोंडलेला. नाना एकदम छाती धरून खाली बसले. चेहरा राखेसारखा. वडील गेल्यावर मला ह्याच माणसानं हाताशी धरलं होतं. जीप काढून तडक बारामती गाठली. डॉक्टर म्हणाले, "ह्या वेळी थोडक्यात निभावलं. पुन्हा असा धूर घेतलात तर मी काही सांगू शकत नाही."

काकूंनी औषधांची चिठ्ठी पदराला बांधली.

नाना बरे होऊन कामावर आले. मास्क खिळ्यालाच! त्यांनी पहिला टाका मारला, तोवर काकू आल्या. स्टूल ओढलं आणि नानांच्या शेजारी, ऐन धुरात, वेल्डिंगकडं पाठ करून बसल्या.

नाना म्हणाले, "ऊठ की. धूर लागंल."

"लागू द्या. तुमच्याच नावाचं कण हायत न्हवं? मग निम्मं माजं. सातबाऱ्यावर कदी नाव लावलं न्हाय, हितं तरी लावा!"

मी लेथ बंद केला. नानांनी मशीन बंद केलं. मग उठले, खिळ्यावरचा मास्क काढला, त्यावरचं सुकलेलं कुंकू बाहीनं पुसलं आणि तोंडाला लावला. आतून काहीतरी बोलले. मला तर नुसती घुरघुर ऐकू आली.

काकूंना कळलं. त्या स्टूल जागेवर ठेवत म्हणाल्या, "सातबाऱ्याचं मागनं बघू. आदी श्वास घ्या!"