पैलवानाच्या घरातला टेलर

"श्वास सोडा बरं," टेलरकाका पडद्याबाहेरून ओरडायचे. टेप काकूंच्या हातात असायची, काका बाहेर बसून मापं लिहून घ्यायचे. "पोट आत घिऊन माप दिलं, तर लग्नात जेवायचं कसं?" आत उभी असलेली बाई हसायची आणि माप आपोआप बरोबर यायचं.

तुमच्याही गल्लीत ब्लाऊज शिवणारं दुकान असेल. पण आमच्या जळोचीतल्या या दुकानात पहिल्यांदा येणारी बाई दारातच थबकायची. मशीनवर एक धिप्पाड माणूस, मान खांद्यांत रुतलेली, दोन्ही कान कुस्तीत फुटलेले, आणि त्या जाड बोटांच्या चिमटीत ब्लाऊजचा हूक. "टेलर कुठं आहेत?" असं तिनं विचारलं की काका म्हणायचे, "हितंच हाय. जरा जास्तच हाय."

त्यांचं मूळ घर वडगाव निंबाळकरचं, पैलवानांचं. आजोबा पैलवान, वडील पैलवान. काकाही मिसरूड फुटेपर्यंत तालमीत होते. मग एकदा फाटलेला लंगोट घेऊन गावातल्या टेलरकडे गेले आणि त्याचं मशीन बघत दुपारभर तिथंच बसले. दुसऱ्या दिवशी काही फाटलेलं नसताना पुन्हा गेले. एवढंच घडलं. वडिलांनी विचारलं, "बायकांची कापडं शिवणार?" हे म्हणाले, "व्हय." वडील शेवटपर्यंत दुकानाची पायरी चढले नाहीत.

हे सांगताना काकांच्या आवाजात कडवटपणा नसायचा. "त्यांनी दूध-बदाम घालून पैलवान वाढवला, निघाला टेलर. माणसाला वाईट वाटणारच की."

मी इंग्रजी शाळेत शिकलेली आणि कुठेही गेले तरी भिंतीच्या बाजूला बसणारी. एकदा आई दुकानात म्हणाली, "ही तिच्या बाबांवर गेलीय. घुमी." काका कात्रीवरून नजर न काढता म्हणाले, "वहिनी, तिला बोलायचं नसंल म्हणून बोलत नसंल. बाबांना कशाला मधी घेताय?" त्या दिवसापासून ब्लाऊज टाकायला, आणायला, उसवून घ्यायला, सगळ्याला मीच जाऊ लागले.

मग त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी कुस्ती शिकू लागली. आनंद गल्लीलाच जास्त झाला. येणारा-जाणारा दुकानात डोकावून म्हणायचा, "शेवटी रक्त बोललंच की, टेलर!"

"रक्ताला तोंड असतं व्हय?" काका म्हणायचे आणि मशीन जोरात चालवायचे.

मुलीला त्यांनी अडवलं नाही. उलट तिचा कुस्तीचा पोशाख स्वतः शिवला. अंगाबरोबर, बेतशीर, चांगल्यातल्या ब्लाऊजच्या कापडाचा आणि गळ्याला पायपिंग लावून. पहिल्याच डावात तो पाठीवर उभा फाटला. मुलगी वरून जॅकेट घालून, पोट धरून हसत घरी आली. "पप्पा, ह्याच्यात नुसतं उभं राहता येतंय!" काकांनी मुकाट्यानं बाजारातून ताणणारा पोशाख विकत आणला. तरी त्याच्या शिवणी त्यांनी आतून तपासल्याच.

इंदापूरजवळच्या एका जत्रेत तिची पहिली कुस्ती ठरली. मी तेव्हा लोणी देवकरला एका कारखान्याच्या ऑफिसात नुकतीच लागले होते. तिथून ते गाव जवळ. काका म्हणाले, "ताई, सुटल्यावर याल का? माझ्यानं बघवणार न्हाय. तुमी बघा आन् मला सांगा. तुमी कमी बोलता, दिसंल तेवढंच सांगाल."

गर्दीच्या कडेला आम्ही उभे राहिलो. मी आखाड्याकडे तोंड करून, ते आखाड्याकडे पाठ करून. लोक आमच्याकडे बघून जात होते.

"तिला लागेल म्हणून भीती वाटते का?" मी विचारलं.

"लागंल की. लागल्यालं बरं हुतंय." ते समोरच्या भेळेच्या गाड्याकडे बघत होते. "पण जिंकली तर म्हणणार आज्ज्यामुळं. हरली तर म्हणणार बापामुळं. मग पोरीचं स्वतःचं काय राह्यलं? आन् माझं तरी?"

तेवढ्यात निवेदकानं तिचं नाव पुकारलं. पाठोपाठ तिच्या आजोबांचं, पणजोबांचं, त्यांनी कुणाकुणाला आस्मान दाखवलं त्याचं वर्णन. टाळ्या पडल्या. काकांनी मान खाली घातली.

"काय करतीया?"

"निवेदकाकडं गेलीय. त्याला काहीतरी सांगतेय. तो हसतोय."

"आन् ती?"

"ती नाही हसत."

माईक खरखरला. "मंडळी, जरा दुरुस्ती हाय! पैलवान म्हणत्यात, बाकीचं ऱ्हाऊ द्या. फक्त एवढंच सांगा, जळोचीच्या लेडीज टेलरची लेक!"

गर्दीत हशा पिकला. कुणीतरी शिट्टी मारली. बायकांच्या बाजूनं टाळ्या सुरू झाल्या आणि हळूहळू सगळीकडे पसरल्या. मला ठरलेलं काम आठवलं. मी, आयुष्यात पहिल्यांदाच एवढ्या गर्दीत, मोठ्यानं सांगू लागले, "हात मिळवले. दोघी वाकल्यात. हिनं तिचा हात धरलाय, आता..."

"थांबा ताई," ते म्हणाले आणि सावकाश आखाड्याकडे वळले.

पुढं मला एक शब्दही सांगावा लागला नाही.