आपाच्या खोलीतली पोलीस चौकी

आपा गेल्याचा निरोप आम्हा जुन्या इंटर्नांच्या ग्रुपवर आला, तेव्हा मी उलट विचारलं, "आज कुठल्या पार्टात?" माझा काय दोष? मेहरुन्निसा आपा तालमीत आमच्यासमोर इतक्यांदा मेली होती की शेवटी शेवटी आम्ही चहाचा कपसुद्धा खाली ठेवत नव्हतो. लेकीची बातमी ऐकून छाती धरून पडणारी आई करावी तर आपानेच. अशी धाडकन पडायची की खालचा सायकलवाला पाणी घेऊन वर धावत यायचा. या खेपेला मात्र उठली नाही. झोपेतच गेली म्हणे... इतकी गुपचूप गोष्ट तिने आयुष्यात दुसरी केली नसेल.

अलिबागला आमचं केंद्र होतं. लैंगिक अत्याचार सोसलेल्या बायका-मुलींना आधार देणारं. आपा तिथली समुपदेशक आणि समाजकार्याच्या कॉलेजातून आलेल्या आम्हा पोरींची मालकीण. आपा हसली की मांडव्याला लागलेली बोट हातभर मागे सरायची. खोटं वाटत असेल तर बोटीला विचारा! पहिल्याच दिवशी आमची पुस्तकं तिने पिशवीत घालायला लावली. "अगो, वाचून झालंय ना? आता तू इन्स्पेक्टर हो, तू डॉक्टर हो." चौकीत जबाब द्यायला जाणाऱ्या बाईची भीड आधीच चेपावी, म्हणून ही तालीम. प्रश्न कळला नाही तर परत विचारायला सांगायचं, दम लागला तर थांबायचं, पाणी मागायचं, एवढंच शिकवायचं. "तिची गोष्ट तिची. तिच्या तोंडात एक शब्द जरी घातलात तर जीभ कापीन," असं आपा बजावायची, आणि आम्ही खरोखर जिभा चाचपून बघायचो.

माझ्या वेळी एक मुलगी आली. नागावच्या एका होमस्टेत कामाला होती, विशीची. नाव लिहीत नाही. लिहिलं तर आपा कबरीतून उठून माझा कान धरेल. कामावरच्याच एका माणसाने तिच्यावर जबरदस्ती केली होती. तिला तक्रार द्यायची होती. तिच्या मामाचं मात्र रोज एकच, "मिटवून टाकू, गावात तोंड दाखवायचं हाय." केंद्रात येऊन ती मान खाली घालून बसायची आणि घशातून शब्द निघायचा नाही. चौकीतही असंच झालं तर मामाचंच खरं होणार, हे तिलाही कळत होतं.

तिच्या तालमीच्या दिवशी मी इन्स्पेक्टर. काजळाच्या मिशा या कानापासून त्या कानापर्यंत. टेबलावर अशी थाप मारली की चहा उडून थेट थळला पडला. तिने मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तुला न्हाय जमत. ऊठ."

मी उठले. ती खुर्चीत बसली. आपा लगेच समोर अंग चोरून बसली, डोक्यावरून ओढणी घेऊन.

"काय गो, इतक्या उशिरा कशाला आलीस?" नवी इन्स्पेक्टर कडाडली.

"घाबरले होते, साहेब."

"तिकडं काय काम होतं तुझं?"

आपाने नाक ओढलं. "कामालाच होते... माझीच चूक झाली, साहेब."

"तुझी कशी चूक?" ती ताडकन उभी राहिली. "कामाला गेलीस, त्यात चूक कसली? चूक त्याची हाय! त्याचं नाव सांग!"

आणि थांबली. आपण काय बोललो ते तिने स्वतःच ऐकलं होतं. आम्हा पोरींच्या डोळ्यांत पाणी. आपा मात्र पार्ट सोडायला तयार नाही. ओढणीतून एक डोळा बाहेर काढून विचारते कशी, "साहेब, मग लिहून घेणार ना?"

ती हसली. पहिल्यांदाच. म्हणाली, "उद्या जाऊ, आपा. मीच सांगते."

चौकीतल्या खऱ्या इन्स्पेक्टरबाई निघाल्या चष्मा लावलेल्या, शांत बोलणाऱ्या. माझी थाप फुकट गेली. मामा मागोमाग आलाच. आपाने त्याला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि आपल्या खानदानातल्या गल्फला गेलेल्या एकेका माणसाची हकीकत सुरू केली. मस्कतपर्यंत पोचता पोचता मामाचा चेहरा सुकट झाला. उठायला गेला की आपा म्हणायची, "बसा हो भाऊ, दुबई राहिलीय." दार उघडून ती मुलगी बाहेर आली, तेव्हा सगळं सांगून झालं होतं. आपाने आतलं काही विचारलं नाही. म्हणाली, "बोंबील खाशील?" मुलगी म्हणाली, "खाईन. मामा, तू जा घरी."

खटला अजून चाललाय. तारखेला ती स्वतः जाते.

गेल्या आठवड्यात केंद्रात गेले होते. आपाच्या खोलीचं दार लोटलेलं होतं आणि आत या वर्षीच्या इंटर्नांची तालीम चालली होती. कुणीतरी जोरजोरात दरडावत होतं. मग दुसरा आवाज आला, बारीक पण ठाम, "थांबा. मला आधी पाणी हवंय." आणि इन्स्पेक्टर झालेली पोरगी रिकामी बाटली घेऊन धावत बाहेर आली. मी बाजूला होऊन तिला वाट दिली.