बारा शिट्ट्यांची पेटी

मुलं तिला शिट्टीबाई म्हणायची आणि तिला ते आवडायचं. बालरुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, एक्स-रेच्या खोलीपलीकडे, तिची वाचाउपचाराची खोली होती. एक बुटकं टेबल, दोन बुटक्या खुर्च्या, दारात चौकोनी काच आणि कपाटात बारा शिट्ट्यांची पेटी. पहिली शिट्टी नुसत्या श्वासानेही वाजायची. बारावी वाजवताना भल्याभल्यांच्या नाकी नऊ यायचे. ज्या मुलांचे उच्चार नीट येत नसत त्यांनी या शिट्ट्या क्रमाने वाजवायच्या, नळीने फुंकून कापसाचा बोळा टेबलाच्या त्या टोकाला पोचवायचा, जीभ नाकाला लावायचा प्रयत्न करायचा. तोंडाचे स्नायू बळकट झाले की अक्षरं आपोआप ताळ्यावर येतात, असं तिला शिकवलं होतं. बाहेर बाकावर बसलेले आईबाप काचेतून बघायचे आणि खूश व्हायचे, कारण आत काहीतरी जोरात चाललंय असं दिसायचं.

फुगी तिच्याकडे आली तेव्हा चार वर्षांची होती. गाल फुगवून अशी काही तयारीने फुंकायची की बाईनेच तिचं नाव फुगी ठेवलं. तिचा ‘क’ येत नव्हता, त्या जागी ‘ट’ यायचा. काकाला ती ‘टाटा’ म्हणे, आणि काका दर वेळी हात हलवून दाराकडे निघे. घरात या विनोदाला सगळे पोट धरून हसायचे. फुगीही हसायची, पण दिवसेंदिवस थोडी उशिरा.

पोर मोठी कष्टाळू. वर्षभरात सात शिट्ट्या सर केल्या. ‘क’ मात्र जागचा हलला नाही. तेव्हा बाईने तिच्या आईला तिच्या देखतच सांगितलं, “घरी सराव कमी पडतोय.” हे वाक्य बाईच्या जिभेवर इतकं बसलेलं होतं की ते बोलताना तिला वरही बघावं लागत नसे. आईने मान खाली घातली. आईचं बघून फुगीनेही घातली.

त्याच सुमारास प्रशिक्षणाहून आलेल्या एका मैत्रिणीने तिला एक लेख आणून दिला. त्यात कितीतरी मुलं तपासून लिहिलं होतं की फुंकताना जीभ आणि ओठ एक काम करतात, बोलताना दुसरंच. फुंकण्याचा सराव केलेलं मूल फुंकण्यात पटाईत होतं, बोलण्यात नाही. उपायही दिला होता. कप आणि अंघोळीचा टप अशी जोडीची चित्रं टेबलावर मांडायची. मुलाने कप मागायला जाऊन टप म्हटलं, तर मुकाट्याने टपाचं चित्र त्याच्या हातात द्यायचं. आपल्या बोलण्याने वस्तूच बदलते हे त्याला उमगलं की ते स्वतःच जीभ वेगळी लावून बघतं; मग ती कुठे आणि कशी उचलायची ते दाखवायचं.

बाईने लेख दोनदा वाचला. तिला तो कळला नाही असं म्हणायची सोयच नव्हती, कारण तिला तो लख्ख कळला. आणि मग तिने तो शिट्ट्यांच्या पेटीखाली ठेवून दिला. चित्रं मांडून बसलं तर काचेतून बघणारे म्हणणार, बाई नुसती खेळत बसलीय. शिवाय हा लेख खरा धरला तर मागची अकरा वर्षं खोटी ठरत होती, आणि तेवढी छाती तिच्याकडे नव्हती. खरं कारण हेच.

फुगी आणखी दोन वर्षं येत राहिली. सातव्या वर्षी तिने बारावी शिट्टी वाजवली. बाईने टाळ्या वाजवल्या आणि ती शिट्टी तिला बक्षीस देऊन टाकली. “थँट्यू” म्हणून फुगी गेली. त्या शब्दातला ‘क’ अजूनही ‘ट’च आहे हे बाईच्या कानाने नेमकं टिपलं. पुढच्या महिन्यापासून आईने तिला आणणं बंद केलं.

काही वर्षांनी खात्यात एक तरुण मुलगी रुजू झाली, सगळे तिला धाकट्या मॅडम म्हणत. तिने चित्रांच्या जोड्या आणल्या आणि पेटी कपाटावर गेली. बाईही निमूटपणे नवं शिकली, चांगलं शिकली. ‘आता पद्धत बदलली आहे,’ असं ती आईबापांना सांगे. चुकलं होतं, असं मात्र कधी कुणाला म्हणाली नाही.

निवृत्तीला वर्ष उरलं असताना एका सोमवारी सकाळी एक बाई चार वर्षांच्या मुलीला घेऊन खोलीत आली. मुलीचे गाल शिट्टीबाईला ओळखीचे वाटले.

“ओळखलंत का, बाई? मी फुगी.” तिने पर्समधून रुमालात गुंडाळलेली शिट्टी काढली. “हिलाही ‘क’ येत नाही. म्हणून ही शोधून, धुऊन आणलीय.”

“तुझा आला ना?”

“नवव्या वर्षी आला, आपोआपच. पण तोवर वर्गात गप्प बसायची सवय लागली होती. अजूनही फोन वाजला की मी नवऱ्याच्या हातात देते.” ती ओशाळून हसली. “माझा सराव कमी पडला तेव्हा. हिचं मी तसं होऊ देणार नाही.”

बाईला गप्प बसता आलं असतं. शिट्टी ठेवून घ्यायची, चित्रं काढायची, पद्धत बदलली म्हणायचं. कुणाला पत्ता लागला नसता. पण बावीस वर्षं ही पोर आपलाच दोष समजून ती शिट्टी सांभाळत आली, हे तिला सहन होईना.

“तुझा सराव कमी पडला नव्हता,” बाई म्हणाली. “बाराच्या बारा वाजवल्यास तू. शिट्ट्यांनी ‘क’ येतच नाही. माझं चुकलं.”

फुगीने मुलीला जवळ ओढलं. “तुम्हाला हे तेव्हा माहीत होतं?”

“पहिल्या वर्षी नव्हतं. नंतरची दोन वर्षं होतं.”

 फुगीने शिट्टी पुन्हा रुमालात गुंडाळली. “हिला दुसऱ्या मॅडमकडे पाठवा,” ती म्हणाली. बाईने धाकट्या मॅडमच्या नावाने चिठ्ठी लिहून दिली. 

मायलेकी दर सोमवारी यायच्या. बाई शक्यतो त्या वेळी धाकट्या मॅडमच्या खोलीकडे फिरकत नसे. पण एका सोमवारी फायली द्यायला जावंच लागलं. काचेचं दार अर्धवट उघडं होतं. आत छोटीने काहीतरी मागितलं, तिच्या हातात टप आला, तिने मान हलवली, थांबली, आणि मग म्हणाली, “कप.” धाकट्या मॅडमनी तिला कप दिला. ती आपल्याशीच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, कप, कप, कप.

बाहेर बाकावर फुगी बसली होती. तिचे डोळे भरून वाहत होते. बाई तिच्या शेजारी बसायला म्हणून दोन पावलं पुढे गेली.

“आठवा सोमवार आहे हा, बाई,” फुगी काचेवरची नजर न काढता म्हणाली. “आठच लागले.”

बाकावर जागा होती, तरी बाई फायली घेऊन उभीच राहिली.