चिमटीबाईंचा झेंडा

आमच्या मुख्याध्यापिकांचा डोळ्यांवर विश्वास नव्हता. कुठलीही वस्तू समोर आली की त्या ती अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरत, जरा चोळून बघत आणि मगच ती या जगात राहायला लायक आहे की नाही ते ठरवत. बहुतेक वेळा ती लायक नसे. गणवेशाचं कापड, खडू, पाहुण्यांनी पांघरलेली शाल, सगळं त्या चिमटीतून जाई. मुलींनी त्यांचं नाव चिमटीबाई ठेवलं होतं आणि ते त्यांना ठाऊक होतं. मी नोकरीवर रुजू व्हायला गेले तेव्हा त्यांनी माझी प्रमाणपत्रं बाजूला सारली, टेबलावरून हात लांब करून माझा पदर चिमटीत धरला आणि म्हणाल्या, "नायलॉन. घाम टिपत नाही हे. तुम्ही विज्ञान शिकवणार ना?" साताऱ्याकडून नवऱ्याच्या कारखान्यातल्या नोकरीपायी बोईसरला आलेली मी, माहेरून मिळालेली सर्वांत चांगली साडी नेसून गेले होते. त्या दिवशी घरी येऊन मी रडले आणि दुसऱ्या दिवशी सुती साडी नेसून गेले.

बाई स्वतः खादी नेसत, हे सांगायला नको. खादी नेसणाऱ्या काही माणसांना बाकीचं जग उघडंच फिरतंय असं वाटतं, त्यातल्या त्या होत्या. पालघरात एकट्या राहत. सकाळच्या पहिल्या एसटीने मनोर रस्त्यावर मासवणच्या अलीकडे उतरून शाळेत येत आणि वर्ग झाडला आहे की नाही ते खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवून बघत. कौतुक हा प्रकार त्यांच्याकडे नव्हता. एखादी मुलगी पहिली आली तर म्हणत, "दुसरी कोण आहे ते आधी बघू, मग हिचं किती कौतुक करायचं ते ठरवू."

पण त्यांच्या तुसडेपणाचा कळस बघायचा तर त्यांच्याबरोबर झेंडा आणायला जायला हवं. पावसात आणि वाऱ्यात झेंड्याची कड सुटते, म्हणून दोन-तीन वर्षांनी नवा घ्यावा लागे. ती खरेदी मुलगी बघायला गेल्यासारखी चाले, फक्त इथे नकार आधीच ठरलेला असे. पालघरच्या खादीच्या दुकानातले राऊत बाईंना पायरीवर बघितल्याबरोबर चहा सांगत, तो आदराने नव्हे, धास्तीने. बाई झेंडा दारात नेऊन उजेडासमोर धरत, सूत सारखं आहे का ते बघायला. मग पट्ट्यांवर घडी घालून तिन्ही पट्ट्या एकमेकींवर तंतोतंत बसतात का ते बघत. मग चक्र. एका बाजूचे आरे दुसऱ्या बाजूच्या आऱ्यांवर पडले नाहीत तर झेंडा परत. दोरीला अडकवायची लाकडी गुल्ली गुळगुळीत नसेल तर परत. शेवटी दुकानातल्या माठातलं पाणी घेऊन रुमाल ओला करायच्या आणि केशरी पट्टीवर घासायच्या. रुमाल रंगला की झालं.

एकदा राऊत वैतागून म्हणाले, "बाई, झेंडा हाय हा, लुगडं नाय."

"लुगडं वाईट निघालं तर मी एकटी वाईट दिसते, राऊत," बाई म्हणाल्या. "हा वाईट निघाला तर आपण सगळेच दिसतो."

राऊतांनी मुकाट्याने वरच्या फळीवरचा गठ्ठा काढला. मला त्या वेळी बाईंचा फार अभिमान वाटला होता, हे कबूल करते. परतीच्या एसटीत मात्र अभिमान उरत नसे, कारण वाटेत दिसणाऱ्या प्रत्येक कचेरीचा उद्धार चाले. हिचा खांब वाकडा, तिचा हिरवा पोपटी, अमक्या सोसायटीचा झेंडा वर्षभर कपाटात डांबरगोळ्यांबरोबर झोपतो आणि उंदीर त्याला सलामी देऊन जातात. शिरगावच्या एका संस्थेने त्यांना झेंडावंदनाला पाहुणी म्हणून बोलावलं, तेव्हा झेंड्याचा केशरी उडून बदामी झालेला बघून त्यांनी दोरीला हातच लावला नाही. संस्थेच्या अध्यक्षांनी स्वतः दोरी ओढली आणि बाई मागच्या रांगेत जाऊन मुलांच्यात उभ्या राहिल्या. पुन्हा त्यांना कुणी बोलावलं नाही आणि त्यांना त्याचं काही वाटलंही नाही.

आमच्या पी.टी.च्या सरांची गोष्ट तर सगळ्या तालुक्याला माहीत होती. बाई खूश व्हाव्यात म्हणून त्यांनी एका वर्षी झेंडा घरी नेऊन धुतला, भाताची पेज लावून कडक केला, इस्त्री केली आणि घडीत फुलं भरून सुरगाठ मारली. पंधरा ऑगस्टला सकाळभर झिमझिम होती. बाईंनी दोरी ओढली, गाठ सुटली, पण झेंडा काही सुटेना. पेजेने त्याच्या घड्या अशा चिकटल्या होत्या की तो खांबाच्या टोकाला ओल्या पापडासारखा लोंबत राहिला. आम्ही त्या गुंडाळीकडे बघत राष्ट्रगीत म्हटलं. बाईंचा सूर एवढासुद्धा हलला नाही. नंतर त्या सरांना एवढंच म्हणाल्या, की पुढच्या वर्षीपासून पेज पिऊन या. सर बिचारे महिनाभर स्टाफरूममध्ये पाठ करून बसायचे.

इथपर्यंतच्या बाई मी कुणालाही हसत सांगते. पुढचं सांगताना मला अजून राग येतो.

आमची शाळा दहावीपर्यंतच होती. डोंगराकडच्या पाड्यांवरून मुली चालत येत, दहावी होत आणि संपत. अकरावी-बारावीला विज्ञान सुरू करायचं तर प्रयोगशाळा हवी होती, आणि आमच्याकडे होती एक स्पिरिटची बत्ती आणि चार परीक्षानळ्या. त्या वर्षी नववीत मंदा नावाची मुलगी होती. तिच्या बापाचा डोंगरउतारावर पावसावर पिकणारा तुकडा. दिवाळीनंतर सगळं घर वीटभट्टीवर जाई आणि मंदा शाळेजवळ मावशीकडे राही. एकदा मी चुन्याच्या निवळीत फुंकर घालून ती पांढरी करून दाखवली. बाकीच्या मुली हसल्या. मंदाने मात्र विचारलं की श्वास बाहेर सोडला तरच असं होतं का, वारा घातला तर होईल का. तास सुटला तरी ती पंख्याने त्या नळीवर वारा घालत बसली होती. असं डोकं मला माझ्या सगळ्या नोकरीत दोन-तीनदाच भेटलं. मी तिच्या बापाशी बोलले. तो म्हणाला की इथं वर्ग निघाला तर मावशीकडे राहू दे अजून दोन वर्षं, पण पालघरला एकटी पोर कुठं ठेवू. प्रयोगशाळा झाली तर मंदा शिकणार होती आणि नाही झाली तर नव्हती. हे मला माहीत होतं आणि मी बाईंना सांगितलंही होतं.

आणि प्रयोगशाळा दारापर्यंत चालत आली. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कापडाचे रंग बनवणारे एक शेठ होते. त्यांनी प्रयोगशाळा बांधून द्यायचं कबूल केलं. बदल्यात त्यांना काय हवं होतं? पंधरा ऑगस्टला त्यांनीच दिलेल्या नव्या लोखंडी खांबावर, त्यांनीच दिलेला झेंडा, त्यांच्या हस्ते, आणि फोटो. शेठ माणूस म्हणून वाईट नव्हते, फक्त आपण दिलेली गोष्ट लोकांनी बघितली नाही तर ती दिलीच गेली नाही असं त्यांना वाटायचं. आमच्या तीन पंख्यांवर, पाण्याच्या टाकीवर आणि बंद पडलेल्या घड्याळावर त्यांचं नाव होतंच.

ऑगस्ट लागल्यावर ते झेंडा घेऊन आले. बटणाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, चकचकीत नायलॉनचा. "मॅडम, कलर हमारा खुद का है. पाँच साल नहीं जाएगा, गॅरंटी," ते म्हणाले. बाईंनी कोपरा चिमटीत धरला आणि त्यांचं नाक असं आक्रसलं की मी मनात देव पाण्यात ठेवले. मग त्यांनी झेंडा उलगडला. दोरी ओवायच्या कडेच्या पांढऱ्या कापडावर निळ्या अक्षरात कारखान्याचं नाव छापलेलं होतं.

"पंख्यावर टाकलंत, टाकीवर टाकलंत," बाई म्हणाल्या, "माझ्या कपाळावरही टाका हवं तर. यावर नाही."

इथे बाईंचं शंभर टक्के बरोबर होतं. शेठही वरमले. चूक झाली म्हणाले, नाव काढून दुसरा आणतो म्हणाले. एवढा मोठा कारखानदार आमच्या मोडक्या खुर्चीत बसून माफी मागत होता. मी म्हटलं, जमलं. पण समोरचा वाकला की तिथेच थांबावं हे बाईंना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी झेंड्याची घडी घातली, पिशवीत सरकवली आणि बटण लावलं. नाव काढून नायलॉनची खादी होत नाही, म्हणाल्या. झेंडा हातसुताचाच असतो, तसा नियम आहे, आणि तो शाळा आणेल, शेठनी यावं आणि मुलींच्या रांगेत उभं राहावं. शेठ उठले. जाताना त्यांनी मला नमस्कार केला, बाईंना केला नाही.

ते गेल्यावर मी आयुष्यात पहिल्यांदा बाईंशी भांडले. नियम मलाही माहीत आहे, म्हटलं, पण एक दिवस तो झेंडा वर गेला असता तर देश बुडला नसता, आणि मंदाचं काय? बाई हजेरीपटावर सही करत म्हणाल्या, "हुशार मुलगी कुठेही शिकते." हे वाक्य मी त्यानंतर पुष्कळांच्या तोंडून ऐकलं आहे. ज्यांना कुठेही जाता येतं तीच माणसं ते बोलतात. त्या दिवशी मला ती खादी, ती चिमटी, तो ताठ मणका, सगळ्याचा वीट आला.

प्रयोगशाळा बोईसरकडच्या दुसऱ्या एका शाळेला मिळाली. त्यांनी झेंडाही घेतला, नावासकट. मी तो तीन पावसाळ्यांनंतर बघितला, आणि सांगायला जिवावर येतं, पण शेठचा रंग खरंच गेला नव्हता. मंदा दहावीला आमच्या शाळेत पहिली आली. दुसरी कोण आहे ते बाईंनी त्या खेपेला विचारलं नाही. दिवाळीनंतर मंदा घरच्यांबरोबर वीटभट्टीवर गेली. तिच्या बापाची आणि माझी एकदा मनोर नाक्यावर गाठ पडली. तो म्हणाला, "इथं वर्ग आसता तं शिकली आसती." त्याने कुणाला दोष दिला नाही, म्हणून ते अधिक लागलं.

बाई निवृत्त झाल्या. निरोपाला आम्ही दिलेली साडी त्यांनी चिमटीत धरली, जरा चोळली आणि त्या म्हणाल्या की सूत ठीक आहे. यथावकाश त्यांच्या खुर्चीत मी बसले. प्रयोगशाळेसाठी मी ज्या ज्या दारात उभी राहिले ती सगळी आठवली तर आजही पाय दुखतात. शेवटी ती दिली त्या शेठच्याच मुलाने. मुलाला झेंड्यात काही रस नव्हता, आयकरात होता. दारावर नावाची पाटी लावली आणि तो खूश झाला.

उद्घाटन पंधरा ऑगस्टलाच ठेवलं आणि पाहुण्या म्हणून बाईंनाच बोलावलं. शिक्षकांनी विचारलं, त्यांना कशाला? पंधरा वर्षं मी त्यांच्यावर चिडलेली होते आणि त्या निवृत्त झाल्यापासून झेंडा मात्र त्यांच्याच पद्धतीने, दारातल्या उजेडात धरून, ओला रुमाल घासून आणत होते. राग आणि माया एकाच माणसावर असू शकते, एवढंच मला कळत होतं. बाई काठी टेकत आल्या. घडी घालायच्या आधी झेंडा बघायला मागितला. "आरे जरा फाकलेत. चालेल," म्हणाल्या. चालेल हा शब्द त्यांना येतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

झेंडावंदन झाल्यावर मी त्यांना प्रयोगशाळेत नेलं. मुली खाऊ घ्यायला बाहेर धावल्या होत्या, आत आम्ही दोघीच होतो. त्या स्टुलावर बसल्या. ओळीने लावलेल्या काचेच्या नळ्या बघत राहिल्या, हात कशालाच लावला नाही. मग म्हणाल्या, "ती मंदा. कुठे असते आता?"

मी सांगितलं की बोईसरला असते, औषधाच्या कारखान्यात गोळ्यांची पाकिटं भरते, दोन मुलं आहेत.

"आज बोलवायचं तिला."

"बोलावलं होतं, बाई. नाही आली."

"का?"

दुसरं कुणी असतं तर मी सुट्टी मिळाली नाही वगैरे काहीतरी सांगितलं असतं. पण समोर बसलेल्या बाईने जन्मभर कुणाला काही गोड करून सांगितलं नव्हतं. तिला तरी खोटं कशाला सांगायचं? बोईसरच्या बाजारात मंदा मला जे म्हणाली होती ते मी तिच्याच शब्दांत सांगितलं.

"ती म्हणाली, तो झेंडा खराबच व्हता, बाईंचं खोटं नाय. पन आमी काय झेंडा शिकायला येत व्हतो?"

बाहेर मुली लाडवासाठी गलका करत होत्या. बाई काठी घेऊन उठल्या आणि दारापर्यंत गेल्यावर मागे न बघता म्हणाल्या, "बरोबर आहे तिचं."

चहा न घेताच त्या निघाल्या. मी त्यांना एसटीत बसवून दिलं, आणि नंतर त्या मला भेटल्या नाहीत.